ऐकलें तें खरें काय?

या आठवड्याचा पाठ सत्य कसें पारखावें याविषयीं आहे. तो लिहावयास बसलों असतां आम्हांस प्रथम आमचीच एक चूक आठवली. ती झांकून ठेवून इतरांस शिकविणें बरें नव्हे, म्हणून तिजपासूनच आरंभ करितों.

इ. स. २०२० च्या जून महिन्याच्या ३ तारखेस, भर दुपारीं, निसर्ग नांवाचें चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस आपल्या किनाऱ्यावर येऊन आदळलें. दिवेआगर, श्रीवर्धन या बाजूच्या नारळीपोफळीच्या वाड्या पाहतां पाहतां आडव्या झाल्या. आजोबांनीं लाविलेलीं झाडें नातवांच्या डोळ्यांदेखत मोडलीं. हें वादळ येणार असें हवामान खात्यानें आधींच सांगितलें होतें. पण आमच्या फेरींतील गांवांत कित्येक जाणते म्हणत होते कीं, वादळें सारीं ओरिसाकडे जातात, आपल्या किनाऱ्यास लागत नाहींत. इ. स. २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळ याच किनाऱ्यास लागलें होतें, तें अकरा वर्षांच्या आंत विसरलें गेलें. खरी सूचना आमच्या कानांवर आली होती, पण आम्हीं ती मनावर घेतली नाहीं.

पुढें चार दिवसांनीं याच्या अगदीं उलट घडलें. वीज नव्हती, तारा तुटून पडल्या होत्या, आणि मोबाईलची रेंज एका टेकडीवर चढून गेल्यास थोडीशी मिळे. तेथें उभे असतां आमच्या मोबाईलवर एक निरोप आला: आज रात्रीं पहिल्याहून मोठें वादळ येणार, समुद्राचें पाणी गांवांत शिरणार, बातमी सरकारी आहे, सर्वांस कळवा. आम्हीं धांवत खालीं येऊन तो निरोप चार घरांस सांगितला. एका घरीं आमच्या मंडळींतील एक म्हाताऱ्या आजी आणि त्यांचा मुलगा छपरावर ताडपत्री घालीत होते. कौलें उडून गेलीं होतीं आणि आभाळ भरून आलें होतें. पाळकानें सांगितलें म्हणून तीं अर्धें काम टाकून उंचावरच्या शाळेंत जाऊन राहिलीं. रात्रीं वादळ आलें नाहीं. पाऊस मात्र आला, आणि पेरणीसाठीं जपून ठेवलेल्या भाताच्या दोन मुड्या उघड्या छपराखालीं भिजून गेल्या.

सकाळीं आजींनीं आम्हांस दोष दिला नाहीं. भिजलेलें भात हातांत घेऊन त्यांनीं एवढेंच विचारिलें, "पाळकसाहेब, हें तुमाला सांगितलं कोनी?"

आम्हांपाशीं उत्तर नव्हतें. ज्यानें निरोप पाठविला तो आमच्या ओळखीचा होता, पण त्याला तो दुसऱ्यानें पाठविला होता, आणि त्या दुसऱ्यास तिसऱ्यानें. "सरकारी बातमी" हे दोन शब्द कोणींही लिहूं शकतो. वादळाच्या आधीं भय नव्हतें म्हणून आम्हीं खरें टाकलें. वादळानंतर भय होतें म्हणून खोटें घेतलें. दोन्ही वेळां बातमी कोणाची, हें आम्हीं पाहिलें नाहीं. आपलें मन कोणीकडे झुकतें, एवढेंच पाहिलें.

आतां आजींचा तो प्रश्न घेऊन आपण दिवेआगरास जाऊं. दिवेआगर म्हटलें कीं पुष्कळांस इ. स. १९९७ सालीं एका वाडींत जमिनीखालीं सांपडलेला गणपतीचा सोन्याचा मुखवटा आठवतो, आणि इ. स. २०१२ सालीं झालेली त्याची चोरी, जींत दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले. सोन्याकडे माणसाची दृष्टि लवकर जाते. आम्ही मात्र येथें तांब्याविषयीं बोलणार आहों.

या गांवीं जुने ताम्रपट सांपडले आहेत. त्यांतील एक शके ९७५ चा, म्हणजे इ. स. १०५३ चा असून तो उत्तर कोंकणच्या शिलाहार घराण्यांतील मुम्मुणि राजाच्या काळचा आहे. दुसरा त्यानंतर सात वर्षांचा, शके ९८२ चा, म्हणजे इ. स. १०६० चा. या दुसऱ्याचें महत्त्व हें कीं तो मराठींत आहे. आपण घरीं जी भाषा बोलतों, जींत प्रार्थना करितों, तिचे फार जुने लेख जे आज हातीं आहेत त्यांत याची गणना होते. साडेनऊशें वर्षांहून अधिक काळापूर्वीं या वाड्यांत राहणाऱ्या लोकांस आपला व्यवहार तांब्यावर कोरून ठेवावा असें कां वाटलें? तोंडचा शब्द वाऱ्यावर जातो, ऐकणारे मरतात आणि उरलेले भांडतात, हें त्यांस ठाऊक होतें. पुढें कोणीं "हें सांगितलें कोणीं?" असें विचारिलें, तर पुढें करावयास कांहीं असावें, एवढ्यासाठीं तो खटाटोप होता.

परंतु येथें एक खळगा आहे. तांब्यावर कोरलें म्हणून तें खरेंच असेल असें नव्हे. ताम्रपटामुळें जमिनीवर हक्क सांगतां येई, म्हणून खोटे ताम्रपट करणारे लोकही होते. मुंबई इलाख्यांत नोकरी केलेले आणि जुन्या लेखांचे मोठे अभ्यासक डॉ. फ्लीट यांनीं इ. स. १९०१ मध्यें हिंदुस्थानांतील अशा बनावट लेखांविषयीं एक स्वतंत्र निबंधच प्रसिद्ध केला. मग खरा लेख आणि बनावट लेख यांत निवड कशी करितात? अभ्यासक पुष्कळ बाजूंनीं पाहतात. अक्षरांचें वळण त्या काळचें आहे काय? लेखांतला राजा त्या सालीं राज्य करीत होता, असें दुसऱ्या कोणत्या लेखावरून दिसतें काय? सांगितलेला शक, संवत्सर, तिथि आणि वार हीं एकमेकांशीं जुळतात काय? खोटें करणारा एक गोष्ट नीट साधतो, दोन साधतो. पण सगळीकडून जुळणारें खोटें करणें फार कठीण असतें, कारण पुढें कोण कोणत्या बाजूनें पाहील हें त्यास ठाऊक नसतें.

याचें उदाहरण जवळच आहे आणि तें वाचकांस आपल्या हातानें पडताळतां येईल. अलिबागजवळ अक्षी म्हणून गांव आहे. तेथें एक गधेगाळाचा दगड अनेक वर्षें रस्त्याच्या कडेस ऊनपावसांत उभा होता. (गधेगाळ म्हणजे, दान मोडणारास शाप देण्यासाठीं खालीं गाढवाचें चित्र कोरलेला दगड. त्या शापाचे शब्द आम्ही येथें लिहीत नाहीं.) त्यावर कोंकणच्या केशीदेव राजाचें नांव असून महालक्ष्मीच्या बोडणासाठीं धान्य नेमून दिल्याची नोंद आहे. डॉ. शं. गो. तुळपुळे यांनीं जुने मराठी कोरीव लेख एकत्र करून इ. स. १९६३ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या लेखास मोठें स्थान आहे. लेखांतील साल शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असें वाचलें गेलें आहे, आणि संवत्सराचें नांव परिधावी असें.

आतां शंका येते ती ही. शिलाहारांत केशीदेव नांवाचे राजे दोन झाले. एक अकराव्या शतकाच्या आरंभीचा, ज्यास अरिकेसरी असेंही म्हणत. दुसरा तेराव्या शतकाच्या पहिल्या चाळीस वर्षांतला. दोघांमध्यें दोनशें वर्षांचें अंतर आहे. दगड झिजलेला, अक्षरें ओबडधोबड. हा कोणता केशीदेव?

पंचांग पाहणाऱ्यांस ठाऊक आहे कीं संवत्सरें साठ असून तीं क्रमानें फिरतात. इ. स. १९७२ सालीं महाराष्ट्रांत जो मोठा दुष्काळ पडला तो वृद्धांस आठवत असेल. त्या सालीं पाडव्यास सुरू झालेल्या शके १८९४ चें नांव परिधावी हेंच होतें. तेथून साठ साठ वर्षें मागें मोजीत जा. सोळा फेऱ्या झाल्या म्हणजे नऊशें साठ वर्षें होतात, आणि आपण बरोबर इ. स. १०१२ वर येऊन पोंचतों. दुसऱ्या केशीदेवासाठींही मोजून पाहा: त्याच्या बाजूस परिधावी संवत्सर इ. स. ११९२ सालीं येतें आणि पुनः १२५२ सालीं. मधल्या त्याच्या राज्यकाळांत तें येतच नाहीं. शिवाय पहिल्या केशीदेवाचा ठाण्याचा ताम्रपट शके ९३९ चा, म्हणजे इ. स. १०१७ चा आहे. अक्षीच्या दगडानंतर पांचच वर्षांचा. झिजलेले तीन अंक, संवत्सराचें नांव, आणि निराळ्या गांवचा निराळा ताम्रपट, हे तीन साक्षीदार एकमेकांस भेटले नाहींत, तरी त्यांची साक्ष जुळते.

यावर कोणी म्हणेल, हें योगायोगानेंही जुळलें असेल. होय, असेल. अंदाजानें नांव घातलें असतें तर साठांत एकदां जुळलें असतें. त्याहूनही मोठी अडचण ही कीं झिजलेला दगड वाचणाऱ्याचा डोळा चुकूं शकतो; उद्यां कोणी अधिक चांगल्या उजेडांत, अधिक चांगल्या यंत्रानें तो दगड पाहील आणि एखादें अक्षर निराळें आहे असें दाखवील, तर हा हिशेब पुनः मांडावा लागेल. म्हणून अक्षीचा लेख मराठींतला सर्वांत जुना असें जेव्हां आपण म्हणतों, तेव्हां त्याचा अर्थ एवढाच कीं आजपर्यंत सांपडलेल्या आणि वाचलेल्या लेखांत तो सर्वांत जुना दिसतो. एखाद्या विहिरीच्या कांठीं धुणें धुण्याचा दगड म्हणून त्याहून जुना लेख आज उपडा पडलेला नसेल असें कोणीं सांगावें?

आम्ही शाळेंत होतों तेव्हां हें असें शिकविलें जात नसे. तेव्हां आम्हांस सांगितलें होतें कीं मराठीचें पहिलें वाक्य कर्नाटकांत श्रवणबेळगोळ येथें, गोमटेश्वराच्या प्रचंड मूर्तीच्या पायांशीं, शके ९०५ मध्यें, म्हणजे इ. स. ९८३ सालीं कोरलें गेलें. चावुंडराजानें ही मूर्ति करविली एवढ्याच अर्थाचें तें वाक्य. आम्हीं तें पाठ केलें, परीक्षेंत लिहिलें, आणि पुढें कित्येक वर्षें तरुणांच्या सभेंत अभिमानानें सांगितलें. पण त्या वाक्याच्या जवळच दुसरें मराठी वाक्य आहे, ज्यांत भोंवतालचें आवार गंगराजानें करविलें असें म्हटलें आहे. हा गंगराज होयसळ राजा विष्णुवर्धनाचा सेनापति, म्हणजे बाराव्या शतकांतला. दोन्ही वाक्यांच्या अक्षरांचें वळण एकच दिसतें, असें अभ्यासकांच्या ध्यानीं आलें. चावुंडराजानें मूर्ति दहाव्या शतकाच्या अखेरीस करविली हें खरेंच. पण ती त्यानें करविली असें मराठींत लिहिणारा हात मागाहून, इ. स. १११७ च्या सुमारास आला असावा. गोष्ट जुनी, पण लिहिणें नवें. असा विचार होऊन श्रवणबेळगोळचें पहिलेपण गेलें, आणि अक्षीच्या दगडास व दिव्याच्या तांब्यास मान मिळाला.

आम्हांस हें प्रथम कळलें तेव्हां रागच आला, हें कबूल करितों. इतकीं वर्षें जें सांगितलें तें मागें घ्यावें लागतें, याची लाज वाटते. म्हणून मनुष्य नव्या पुराव्यांत दोष शोधूं लागतो. पण विचार करा: पहिलें मत कोणीं मोडलें? मराठीच्या वैऱ्यानें नव्हे. मराठीवर प्रेम करणाऱ्या, तिच्या एकेक जुन्या अक्षरासाठीं दगडाशेजारीं उकिडवें बसणाऱ्या माणसांनीं मोडलें.

याहून कठीण प्रसंग आम्हांवर धर्मशिक्षणाच्या पाठशाळेंत आला. योहानाच्या पहिल्या पत्राच्या पांचव्या अध्यायांत स्वर्गांतील तीन साक्षीदारांविषयीं एक वाक्य जुन्या भाषांतरांत छापलेलें असे. आमच्या गुरुजींनीं एके दिवशीं शांतपणें सांगितलें कीं प्राचीन ग्रीक हस्तलिखितांत तें वाक्य नाहीं. इरास्मस नांवाच्या विद्वानानें इ. स. १५१६ आणि १५१९ सालीं ग्रीक नवा करार छापिला त्यांत तें घातलें नव्हतें. लोकांनीं फार गवगवा केल्यावर १५२२ च्या आवृत्तींत घातलें. वर्गांत एकदम शांतता पसरली. एका विद्यार्थ्यानें विचारिलें, "मग गुरुजी, आमच्या हातांत काय राहिलें?" गुरुजी म्हणाले, "जें आधींपासून होतें तें सगळें राहिलें. मागाहून जें आलें तेंच गेलें." साक्षीदारांविषयींच्याच वाक्यास साक्षीदार मिळूं नयेत हा मोठा विलक्षण योग आहे. आम्हीं त्या रात्रीं फार वेळ जागून काढिला. पण पुढें आम्हांस त्या गुरुजींविषयीं जितका विश्वास वाटूं लागला, तितका तें वाक्य लपविणाऱ्याविषयीं कधींही वाटला नसता.

कित्येक गोष्टी अशा असतात कीं त्यांचा दगडही नाहीं आणि तांबेंही नाहीं. नुसती तोंडोतोंडीं चालत आलेली परंपरा असते. ती टाकून द्यावी काय? पुनः दिवेआगराकडे पाहूं. या किनाऱ्यावर बेने इस्राएल म्हणजे यहुदी लोकांचीं घरें पिढ्यान्‌पिढ्या होतीं. तेल गाळणें हा त्यांचा धंदा, आणि शनिवारीं ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांस शनवार तेली म्हणत. त्यांचीं आडनांवें गांवांवरून पडलेलीं: किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, नवगांवचे नवगांवकर, आणि दिव्याचे दिवेकर. मुंबईंत इ. स. १७९६ सालीं त्यांचें पहिलें प्रार्थनामंदिर ज्या गृहस्थानें बांधिलें तो दिवेकरच होता. त्यांच्यांत अशी कथा आहे कीं, फार प्राचीन काळीं नवगांवाजवळ जहाज फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या, आणि त्यांपासून हा समाज वाढला.

ही कथा खरी कीं खोटी, असें एका शब्दांत विचारणें हीच चूक आहे. तिचे तुकडे करून एकेक तुकडा पारखला पाहिजे. हे लोक या गांवांत राहत होते काय? आडनांवें साक्ष देतात. त्यांचे पूर्वज यहुदी होते काय? शनिवारची विश्रांति एक साक्ष देते, आणि इ. स. २०१६ सालीं रक्तांतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून जो शोधनिबंध प्रसिद्ध झाला, त्यावरून त्यांचें मूळ कांहीं अंशीं पश्चिमेकडील यहुदी लोकांशीं आणि कांहीं अंशीं येथील लोकांशीं मिळतें असें दिसून आलें. जहाज फुटलें काय, वांचलेले बरोबर चौदा होते काय, आणि तें दोन हजार वर्षांपूर्वींचें काय? याला कथेवांचून दुसरी साक्ष नाहीं. तेव्हां पहिल्या दोन गोष्टी मान्य करावयाच्या, आणि तिसरीविषयीं "अशी परंपरा आहे" इतकेंच म्हणून थांबावयाचें. थांबतां येणें ही मोठी विद्या आहे. "ठाऊक नाहीं" असें म्हणावयास विद्वानांसही जड जातें. पाळकांस तर फारच!

आणखी एक भेद शिकण्यासारखा आहे. साक्षीदार खरा असून त्यानें काढिलेलें अनुमान खोटें असूं शकतें. इ. स. २०१२ च्या मार्च महिन्यांत मुंबईंत विले पार्ले येथें एका ख्रिस्ती देवळाजवळील क्रूसावरच्या मूर्तीच्या पायांतून पाणी ठिबकूं लागलें. लोक जमले, प्रार्थना झाल्या, कित्येकांनीं तें पाणी घरीं नेलें. पाणी ठिबकत होतें हें त्यांचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. ज्यांनीं पाहिलें त्यांस खोटें म्हणतां येणार नाहीं. पण सनल एडमरुकु नांवाच्या बुद्धिवादी गृहस्थानें मूर्तीकडे न पाहतां मागच्या भिंतीकडे आणि पायथ्याकडे पाहिलें. जवळची मोरी तुंबली होती. दिव्याच्या वातींत तेल चढावें तसें तिचें पाणी भिंतींतून आणि लांकडांतून वर चढत होतें. तो गृहस्थ देव मानीत नाहीं. त्याच्यावर आपल्याच कित्येक ख्रिस्ती बांधवांनीं फिर्यादी केल्या, आणि तो देश सोडून गेला. आम्हांस विचाराल तर, त्याच्या मतांशीं आमचा वाद आहे, परंतु त्या मोरीविषयीं नाहीं. लोक ज्या पाण्यास तीर्थ मानून प्याले असते तें कसलें आहे हें ज्यानें सांगितलें, त्यानें त्यांचें भलेंच केलें.

आतां हा विषय केवळ विद्वानांचा नव्हे हें ज्यावरून कळतें ती गोष्ट सांगतों, आणि ती सांगतांना आमचा हात जड होतो. इ. स. २०१८ च्या जुलै महिन्याची १ तारीख. आदितवार होता. धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत राईनपाडा म्हणून गांव आहे; तेथें आठवड्याचा बाजार भरला होता. सोलापूर जिल्ह्यांतील मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पांच जण भिक्षा मागत तेथें आले. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे असे निरोप त्या भागांत कित्येक दिवस मोबाईलवर येत होते. त्यांतील एक जण एका लहान मुलीशीं बोलतांना लोकांस दिसला. तेवढें पुरे झालें. जमावानें त्यांस पकडून ग्रामपंचायतीच्या खोलींत कोंडिलें, आणि तेथें पांचही जणांस मारून मारून ठार केलें.

त्या बाजारांत शेंकडों माणसें होतीं. तीं सगळीं दुष्ट होतीं असें आम्हांस वाटत नाहीं. पुष्कळांच्या घरीं लहान मुलें असतील, आणि मुलांच्या प्रेमानेंच त्यांच्या पोटांत भीति शिरली असेल. पण त्या गर्दींत "कोणाचें मूल गेलें? त्याचें नांव काय? पाहिलें कोणीं?" असें विचारून त्याचें उत्तर मिळेपर्यंत हात आवरून धरणारा कोणी निघाला असता, तर पांच घरचीं माणसें आषाढी वारीच्या दिवसांत परत आपल्या गांवीं पोंचलीं असतीं. मोशेच्या नियमशास्त्रांत एका साक्षीवर कोणास अपराधी ठरवूं नये, दोन किंवा तीन साक्षी असाव्या, असा जो नियम आहे, त्याचें मोल अशा दिवशीं कळतें. शंभर जणांनीं एकच निरोप पुढें पाठविला तरी ते शंभर साक्षीदार होत नाहींत. साक्षीदार एकच, आणि तोही कोण हें ठाऊक नसलेला. त्याच महिन्यांत व्हॉट्सअॅप चालविणाऱ्या कंपनीनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें पाठवितां येऊं नये असा बंध घातला. तो योग्यच होता, तरी पांच ठिकाणेंही राईनपाड्यासारख्या गांवास पुष्कळ होतात.

कित्येकजण आम्हांस विचारितात कीं खेड्यांतल्या मनुष्यानें हें सारें कसें करावें. त्याच्यापाशीं ना तुळपुळ्यांचा ग्रंथ, ना प्रयोगशाळा. आमचें म्हणणें असें कीं खेड्यांतला मनुष्य हें रोजच करीत असतो. बैल विकत घेतांना तो विकणाऱ्याच्या शब्दावर जातो काय? दांत पाहतो, चालवून पाहतो, औतास जुंपून पाहतो, आणि विकणाऱ्याच्या गांवच्या दुसऱ्या माणसास आडून विचारितो. मासळी घेणारी बाई कोळणीच्या शपथेवर न जातां कल्ला उघडून पाहते. बैलासाठीं आणि बांगड्यासाठीं जी अक्कल आपण खर्च करितों ती बातमीसाठीं करीत नाहीं, कारण बातमी फुकट मिळते. बिरुया येथील लोकांची प्रेषितांच्या कृत्यांत जी वाखाणणी केली आहे ती याचसाठीं कीं, प्रत्यक्ष पौलानें सांगितलेलें देखील त्यांनीं घरीं जाऊन शास्त्रांत ताडून पाहिलें. पौल रागावला असें कोठेंही लिहिलेलें नाहीं.

भिजलेल्या त्या दोन मुड्यांचें काय झालें असें कोणी विचारील. शेजारच्या आळींतील एका मुसलमान शेतकऱ्यानें आपल्या बियाण्यांतून आजींस पेरणीपुरतें भात दिलें. आम्हीं त्याची किंमत देऊं केली, ती त्यानें घेतली नाहीं; आजींनीं मात्र दिवाळीच्या सुमारास तितकेंच भात मोजून त्याच्या ओट्यावर नेऊन ठेविलें.

अभ्यासासाठीं: येत्या बुधवारच्या बैठकीस प्रत्येकानें या आठवड्यांत ऐकलेली एक बातमी लिहून आणावी. तिच्याखालीं, ती आपणांस कोणीं सांगितली, त्याला कोणीं सांगितली, आणि प्रत्यक्ष पाहणारा मनुष्य सांपडेपर्यंत किती पायऱ्या खालीं उतरावें लागलें, हें लिहावें. पाहणारा सांपडला नाहीं तर तसें लिहावें. ज्यांच्या घरीं जुनें खरेदीखत, सातबाऱ्याचा उतारा किंवा वाडवडिलांचें पत्र असेल त्यांनीं तें बरोबर आणावें, म्हणजे त्यावरची तारीख, वार आणि साक्षीदारांच्या सह्या कशा पाहाव्या हें सर्वांस मिळून शिकतां येईल. आमच्या फेरींतील बैठकीस अध्यक्ष म्हणून त्या आजींसच बसविण्याचें ठरलें आहे. पहिली बातमी आमची घेतली जाईल, असें त्यांनीं आधींच बजाविलें आहे.